सरकारी पेन्शन किती काळ सुरक्षित? इंदूरच्या मराठी घरांतून सतत येणारे प्रश्न

इंदुरात एकाच मराठी घरात चार तऱ्हेच्या पेन्शनी नांदतात. आजोबांची राज्य सरकारची, काकूंची कुटुंब पेन्शन, मुलाचे एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि जावयाची भविष्य निर्वाह निधीची. त्यामुळे ‘पेन्शन टिकेल का?’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. एके दिवशी पेन्शन बंदच पडेल अशी भीती बहुतेकांना असते. आमच्या मते खरा धोका संथ आहे: उशिरा जाहीर होणारी महागाई राहत (पेन्शनरांचा महागाई भत्ता), गोठवलेले हप्ते, खात्यात न पोहोचलेला सरकारी हिस्सा, कागदावरचे चुकलेले नाव. खाली जास्त जागा त्यालाच दिली आहे.

१. सरकारी पेन्शन कधी बंद पडू शकते का?

एकदा मंजूर झालेली पेन्शन सरकारला नुसत्या आदेशाने थांबवता येत नाही. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्यातल्या निकालाने ही भूमिका आणखी पक्की केली. १७ डिसेंबर पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्कांत मोडत नाही, तरी कायद्याशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही असे सांगणारे घटनेचे कलम ३००-अ आहे, आणि २०१३ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात त्याच आधारे न्यायालयाने ठरवले की नियमात तरतूद नसताना पेन्शन रोखता येणार नाही.

उशीर मात्र होऊ शकतो. मार्च २०२० मध्ये आंध्र प्रदेश सरकारने पेन्शनचा अर्धा भाग पुढे ढकलला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थकलेली रक्कम ६ टक्के व्याजासह द्यायला लावली. हिमाचल प्रदेशात सप्टेंबर २०२४ ची पेन्शन पहिल्या तारखेऐवजी १० तारखेला जमा झाली. म्हणजे सरकारची तंगी पेन्शनरला आधी कॅलेंडरवर दिसते.

२. माझी पेन्शन नेमकी कोणत्या प्रकारची, हे कसं ओळखायचं?

नोकरीवर रुजू झाल्याची तारीख पाहा. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून लागलेले (सैन्यदले सोडून) एनपीएसमध्ये येतात, मध्यप्रदेश शासनात १ जानेवारी २००५ पासूनचे आणि गुजरात शासनात १ एप्रिल २००५ पासूनचे. बडोद्याहून विचारणाऱ्यांनी शेवटची तारीख धरावी.

तारखेचा घोळ असेल तर पगारपत्रक काढा. जीपीएफची (सरकारी कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीची) कपात असेल तर तुम्ही जुन्या पेन्शनमध्ये आहात. १२ अंकी प्रान क्रमांक (एनपीएसचा कायमचा खाते क्रमांक) आणि १० टक्के कपात दिसली तर एनपीएस. यूएएन क्रमांक असेल तर तुम्ही भविष्य निर्वाह निधीवाले, थेट प्रश्न १९ वर जा.

३. आयुष्यभर पगारातून पैसे कापले. ते कुठे ठेवलेत? सरकारने ते खर्च केले तर?

जुन्या पेन्शनसाठी तुमच्या पगारातून एक पैसाही कापलेला नाही. कापला गेला तो जीपीएफ. ती तुमची बचत आहे आणि तिचा हिशेब मध्यप्रदेशच्या कर्मचाऱ्यांपुरता ग्वाल्हेरचे महालेखाकार कार्यालय ठेवते. पेन्शनचा वेगळा निधी नसतो. दर वर्षी विधानसभा ‘२०७१, पेन्शन आणि इतर निवृत्ती लाभ’ या शीर्षाखाली रक्कम मंजूर करते आणि ती चालू महसुलातून दिली जाते.

यात एक सोय आहे आणि एक गैरसोय. निधीच नाही, म्हणून तो बुडण्याचा प्रश्न नाही. जोवर राज्य कर गोळा करते तोवर पेन्शनला आधार आहे. पण रस्ते, शिक्षण, कर्जावरचे व्याज आणि पेन्शन हे सगळे एकाच ताटात वाढले जाते. ताट तेवढेच राहून वाटेकरी वाढले की ज्याला कायद्याने हात लावता येत नाही ते शाबूत राहते आणि जे ‘यथावकाश’ देता येते ते लांबते. महागाई राहत दुसऱ्या प्रकारात मोडते (प्रश्न ५).

जीपीएफची एक अडचण नेहमीची: बदली झालेल्या वर्षांतल्या काही महिन्यांची कपात खात्यात चढलेलीच नसते. वार्षिक विवरणात बारा महिने मोजा. गहाळ महिन्याचे व्हाउचर क्रमांक आणि तारीख आहरण अधिकाऱ्याकडून (पगाराचे बिल काढणाऱ्या अधिकाऱ्याकडून) घेऊन निवृत्तीच्या किमान दोन वर्षे आधी ग्वाल्हेरला कळवा. निवृत्तीनंतर तेच व्हाउचर शोधायला कोणी बसत नाही.

४. जुन्या पेन्शनमध्ये किती रक्कम बसते?

केंद्रात किमान १० वर्षे सेवा झाली की शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के. मध्यप्रदेशच्या १९७६ च्या पेन्शन नियमांत पूर्ण पेन्शनसाठी ३३ वर्षे लागतात, कमी सेवेला प्रमाणात कपात. शेवटचे वेतन ६०,००० आणि सेवा २८ वर्षे असेल तर ३०,००० × २८ ÷ ३३, म्हणजे सुमारे २५,४५५ रुपये. केंद्रातल्या मेहुण्याशी तुलना करून ‘माझी कमी कशी बसली’ विचारणाऱ्यांचे उत्तर बहुधा या ओळीत सापडते. ८० व्या वर्षी मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के.

५. केंद्राचा महागाई भत्ता वाढला की नोकरीतल्यांना लवकर मिळतो, मग मध्यप्रदेशच्या पेन्शनरांनाच का थांबावं लागतं?

हा आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर छत्तीसगडपर्यंत जाते.

१ नोव्हेंबर २००० रोजी राज्याचे विभाजन झाले. मध्यप्रदेश पुनर्रचना अधिनियम, २००० च्या कलम ४९ आणि सहाव्या अनुसूचीप्रमाणे विभाजनापूर्वी निवृत्त झालेल्यांच्या आणि त्या दिवशी सेवेत असलेल्यांच्या पेन्शनचा बोजा दोन्ही राज्यांनी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यायचा आहे. हे प्रमाण साधारण ७४ : २६ पडते. राहत वाढली की दोघांचाही खर्च वाढतो, म्हणून एका राज्याने दुसऱ्याची संमती मागायची आणि ती आल्यावरच आदेश काढायचा, अशी पद्धत पडली. नोकरीतल्यांच्या भत्त्याला कोणाला विचारायचे नसते, त्यामुळे त्यांचा आदेश आधी निघतो.

कायद्यात वाटणी आहे ती खर्चाची. संमतीसाठी महिनोन्महिने थांबण्याची पद्धत त्या वाटणीवर वाढलेले बांडगूळ आहे, असे पेन्शनर संघटना म्हणतात, आणि आम्हाला ते पटते.

उशिराची खरी किंमत थकबाकीच्या तारखेत असते. मूळ पेन्शन ३०,००० असेल तर ३ टक्के म्हणजे महिना ९०० रुपये. आदेश केंद्राच्या तारखेपासून लागू झाला तर नुसता उशीर. तो आठ महिने पुढच्या तारखेपासून लागू केला तर ७,२०० रुपये कायमचे गेले. म्हणून आदेश हातात आला की टक्का नंतर वाचा, ‘पासून देय’ ही तारीख आधी वाचा. बँकेने नवा दर त्याच महिन्यापासून लावला का, हेही पासबुकावर पडताळा. मूळ पेन्शन × दर ÷ १०० एवढेच गणित आहे. मूळ पेन्शन म्हणजे तिचा काही भाग विकण्यापूर्वीची पूर्ण रक्कम (प्रश्न १६).

६. करोनातले १८ महिन्यांचे पैसे परत मिळणार का?

केंद्राने ते देणार नाही असे संसदेत स्पष्ट सांगितले आहे. १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ असे तीन हप्ते गोठवले गेले. १ जुलै २०२१ ला दर १७ वरून थेट २८ टक्के झाला, पण मधल्या काळाची थकबाकी दिली नाही. सरकारचे त्यात ३४,४०२ कोटी रुपये वाचले.

३०,००० मूळ पेन्शनवर हिशेब मांडू. पहिले सहा महिने ४ टक्के: ७,२००. पुढचे सहा महिने ७ टक्के: १२,६००. शेवटचे सहा महिने ११ टक्के: १९,८००. एकूण ३९,६०० रुपये. मूळ पेन्शनला कोणी हात लावला नाही, आणि तरी एवढी रक्कम गेली.

७. मी नगर निगमात / वीज मंडळात / बीएसएनएलमध्ये होतो. माझी पेन्शन सरकारीच ना?

तुम्ही सरकारी होता की नाही याला इथे महत्त्व नाही. पेन्शनचे पैसे शेवटी कोण देतो, ते पाहायचे. पीपीओ, म्हणजे पेन्शन अदायगी आदेश, उघडा आणि खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा असे लिहिले आहे ते वाचा.

बीएसएनएलमध्ये सामावलेले दूरसंचार खात्याचे कर्मचारी निश्चिंत राहू शकतात. कंपनी तोट्यात असली तरी त्यांची पेन्शन केंद्र सरकार देते. थेट कंपनीत भरती झालेल्यांना हे लागू नाही.

वीज मंडळाचे प्रकरण नाजूक आहे. मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या, पण जुन्या पेन्शनसाठी पुरेसा निधी उभा राहिला नाही. विद्युत नियामक आयोगाच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे पेन्शनचा चालू खर्च वीजदरात धरला जातो आणि पारेषण कंपनीमार्फत दिला जातो. म्हणजे पोलोग्राउंडच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्याची पेन्शन थोडीफार तुमच्या-आमच्या वीजबिलातून निघते. दरनिश्चितीच्या सुनावण्यांत हजर राहून हरकती नोंदवणे या मंडळींना म्हणूनच आवश्यक आहे. ‘तो ग्राहकांचा विषय’ म्हणून सोडू नये.

नगर निगम आणि विद्यापीठे यांची पेन्शन संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाशी बांधलेली असते. शासनाचा नवा आदेश तिथे आपोआप लागत नाही, संस्थेला तो स्वीकारावा लागतो. शासनाचा आदेश घेऊन थेट बँकेत गेलात तर हात हलवत परत याल.

८. एनपीएसचे पैसे शेअर बाजारात बुडाले तर?

सगळे बुडणे शक्य नाही, कमी होणे शक्य आहे. सरकारी कर्मचाऱ्याने काही निवडले नाही तर पैसे एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय यांच्या पेन्शन फंडांत विभागून जातात आणि शेअर्सचे प्रमाण मर्यादित असते. बाकी सरकारी रोखे आणि कर्जरोखे. मालमत्ता एनपीएस न्यासाच्या ताब्यात असते. फंड चालवणारी कंपनी अडचणीत आली तरी ती कंपनीच्या देणेकऱ्यांची होत नाही.

खरी कमजोरी निवृत्तीनंतर उघडी पडते. सरकारी कर्मचाऱ्याला जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी (एकरकमी पैसे देऊन आयुष्यभर मिळणारी ठरावीक रक्कम) घ्यावी लागते, ६० टक्के करमुक्त हातात मिळतात. समजा ५० लाख जमले. २० लाखांची वार्षिकी ६ टक्क्यांनी घेतली तर महिना १०,००० रुपये येतील आणि मरेपर्यंत १०,०००च येतील. महागाई ६ टक्के राहिली तर बारा वर्षांत त्यांची किंमत निम्मी. एनपीएसवाल्याने बाजाराची जेवढी धास्ती घेतली आहे त्याच्या अर्धी तरी या न वाढणाऱ्या आकड्याची घ्यावी.

९. एनपीएसमध्ये सरकारचा हिस्सा जमा झालेला दिसत नाही. काय करू?

तुमचे १० आणि शासनाचे १४ टक्के दर महिन्याला एकत्र चढायला हवेत. केंद्रात १४ टक्के १ एप्रिल २०१९ पासून आहेत. क्रम असा ठेवा:

प्रान खात्यात जाऊन आर्थिक वर्षाचे व्यवहार विवरण उतरवून घ्या. एका कागदावर बारा पगारांची तारीख आणि कपात लिहा, शेजारी विवरणातली जमा आणि तिची तारीख. जो महिना रिकामा किंवा दोन-तीन महिन्यांनी चढलेला, त्यावर खूण करा. मग आहरण अधिकाऱ्याला लेखी अर्ज, सोबत त्या महिन्याचे पगारपत्रक, पोच घेऊन. तिथे हालचाल नसेल तर एनपीएस खात्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय अभिलेख संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून टोकन क्रमांक ठेवा.

चूक बहुधा कुठे होते? नव्या नेमणुकीत प्रान मिळेपर्यंतचे महिने, बदलीचा महिना, निलंबनानंतर निघालेली थकबाकी आणि वेतन आयोगाच्या फरकावरची कपात. शेवटच्यात कर्मचाऱ्याचा हिस्सा कापला जातो आणि शासनाचा राहून जातो. रक्कम लहान दिसते, पण वीस वर्षांची वाढ हरवते. केंद्राच्या २०२१ च्या एनपीएस नियमांत कार्यालयाच्या दिरंगाईबद्दल व्याज देण्याची तरतूद आहे. अर्जात तिचा उल्लेख करा.

१०. यूपीएसमध्ये पेन्शनची हमी आहे म्हणतात. मग ती जुन्या पेन्शनसारखीच झाली की!

सारखी नाही. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आणलेल्या या एकीकृत पेन्शन योजनेत (यूपीएस) २५ वर्षे सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, त्यावर महागाई राहत, आणि मृत्यूनंतर जोडीदाराला त्या पेन्शनच्या ६० टक्के मिळतात. १० वर्षे सेवेला किमान १०,००० रुपये. सरासरी ८०,००० असेल तर २५ वर्षांना ४०,००० आणि २० वर्षांना ३२,०००. शिवाय दर पूर्ण सहामाहीला मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या बेरजेचा दहावा भाग एकरकमी: १,२०,००० वर २५ वर्षांचे ६ लाख.

तुमचे १० टक्के मात्र कापले जातातच. सरकार १० टक्के तुमच्या खात्यात आणि ८.५ टक्के सामाईक निधीत टाकते. सूत्रात एक कलम दडलेले आहे: तुमच्या खात्यातली रक्कम ‘प्रमाण रकमे’पेक्षा, म्हणजे सगळे हप्ते वेळेवर भरून जमायला हवी होती त्या रकमेपेक्षा, कमी भरली, तर पेन्शन त्या प्रमाणात कमी. मधे काढलेले पैसे, गहाळ महिने (प्रश्न ९) किंवा स्वतः निवडलेला फंड मागे पडणे, यातून अशी तूट पडते. ती निवृत्तीपूर्वी भरून काढता येते. २५ वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पैसे नियत वयाच्या तारखेपासूनच सुरू होतात. राजीनामा किंवा बडतर्फी झाली तर हमी लागू नाही.

मध्यप्रदेशच्या कर्मचाऱ्याला केंद्राची योजना आपोआप मिळत नाही, राज्याने आपली अधिसूचना काढावी लागते. केंद्रातल्या जुन्या कर्मचाऱ्यांसाठी निवडीची वाढवलेली मुदत ३० नोव्हेंबर २०२५ ला संपली.

११. काही राज्यांनी जुनी पेन्शन परत आणली. तिथली मंडळी आपल्यापेक्षा सुरक्षित झाली का?

कागदावर हो. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड आणि पंजाबने २०२२ मध्ये आणि हिमाचलने २०२३ मध्ये हा निर्णय घेतला. पण एनपीएसमध्ये साठलेले पैसे राज्यांना परत मिळाले नाहीत. २०१३ च्या पेन्शन निधी नियामक कायद्यात तशी तरतूद नाही, असे केंद्राचे म्हणणे. आजच्या सरकारला हिस्सा भरावा लागत नाही म्हणून खजिना हलका वाटतो, खरे बिल ही पिढी निवृत्त होईल तेव्हा येणार. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमधल्या अभ्यासाने सगळ्या राज्यांनी जुनी पेन्शन आणली तर एकूण बोजा एनपीएसच्या ४.५ पटीपर्यंत जाईल असा अंदाज मांडला.

आमचा सल्ला रोकडा आहे: जुनी पेन्शन मिळत असेल तर जरूर घ्या, पण तिच्या भरवशावर एनपीएसची जुनी विवरणे रद्दीत घालू नका. सरकार बदलते तसा हा निर्णय बदलू शकतो.

१२. वित्त अधिनियम २०२५ ने जुन्या पेन्शनरांचे हक्क काढून घेतले, हे खरं का?

मार्च २०२५ मध्ये संसदेने केंद्राच्या पेन्शन नियमांना वैधता देणारा एक भाग मंजूर केला, आणि तो १ जून १९७२ पासून लागू धरला. त्यानुसार निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत फरक करण्याचा अधिकार सरकारला आहे. तारखेवरून पेन्शनरांत भेद नको, या नकारा निकालातल्या (प्रश्न १) समानतेच्या तत्त्वाला त्याने धक्का बसतो, ही हरकत निराधार नाही. सातव्या वेतन आयोगाने दिलेली समानता कायम आहे असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. चालू पेन्शन त्यामुळे कमी झालेली नाही. कस लागेल तो पुढच्या आयोगाच्या वेळी.

न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाला अहवालासाठी १८ महिने आहेत. त्याच्या कार्यकक्षेत ‘अंशदान नसलेल्या पेन्शन योजनांचा निधीविना खर्च’ लक्षात घ्या, असे शब्द आहेत. संघटनांना ते खुपले, यात नवल नाही.

१३. देशात आर्थिक आणीबाणी लागली तर पेन्शन कापतील का?

घटनेच्या कलम ३६० मध्ये सेवेत असलेल्यांचे वेतन आणि भत्ते कमी करण्याचा उल्लेख आहे, पेन्शनचा नाही. अशी आणीबाणी आजवर एकदाही लागलेली नाही.

१४. हयातीचा दाखला देऊनही पेन्शन थांबली. असं का होतं?

बहुतेक वेळा दाखला निघालेला असतो, पण चुकीच्या ठिकाणी पोहोचलेला असतो. जीवन प्रमाणच्या ॲपमध्ये पेन्शन मंजूर करणारा विभाग आणि वाटप करणारी बँक अशा दोन नोंदी निवडायच्या असतात. राज्याच्या पेन्शनरने तिथे केंद्र निवडले की दाखला तयार होतो, प्रमाण क्रमांकाचा संदेशही येतो, आणि तरी बँक तो नाकारते. म्हणून संदेशावर विसंबू नका. चार-पाच दिवसांनी संकेतस्थळावर ‘स्वीकृत’ दिसते का ते पाहा.

दाखला नोव्हेंबरात द्यायचा. केंद्राच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख होते: मुलाच्या किंवा सुनेच्या फोनवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन्ही ॲप लागतात. आधी फोन चालवणाऱ्याचा चेहरा, मग पेन्शनरचा. चष्मा काढा, खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीमागे उजेड नको. आजारी माणसासाठी पोस्टमन घरी येतो, शुल्क ७० रुपये. पुनर्विवाह केलेल्या किंवा पुन्हा नोकरी धरलेल्या व्यक्तीला डिजिटल दाखला चालत नाही, बँकेत कागदी द्यावा लागतो.

दाखला उशिरा दिला तरी थांबलेली रक्कम बुडत नाही, मागची मिळते. ‘दाखला अपडेट करतो’ म्हणून ओटीपी मागणारा फोन आला तर ठेवून द्या. बँक किंवा कोषालय असे फोन करत नाही.

१५. कुटुंब पेन्शनला सगळ्यात जास्त अडथळा कशाचा येतो?

नावाचा. लग्नापूर्वीचे नाव सेवा पुस्तिकेत, लग्नानंतरचे आधारवर, आणि बँकेत तिसरेच. मराठी घरांत भर पडते ती वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या मधल्या नावाची. इथल्या हिंदी कार्यालयात ते कधी वगळतात, कधी आडनावाच्या जागी टाकतात. पेन्शनर हयात असतानाच पीपीओवर जोडीदाराचे नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्या. शक्य असेल तर जोडीदारासोबत संयुक्त खाते ठेवा, म्हणजे पुढे नवे खाते उघडण्याची धावपळ टळते.

केंद्राच्या नियमाने कुटुंब पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. त्याआधी वाढीव दर ५० टक्के: सेवेत मृत्यू आल्यास १० वर्षे, निवृत्तीनंतर आल्यास ७ वर्षे किंवा पेन्शनरने वयाची ६७ वर्षे गाठली असती ती तारीख, यांतले जे आधी येईल ते. ही तारीख पीपीओवर छापलेली असते. ती उलटल्यावरही बँक वाढीव दर देत राहिली तर पुढे वसुली येते (प्रश्न १७).

दिव्यांग अपत्य असेल तर त्याचे नाव आई-वडील हयात असताना नोंदवा. नंतर वैद्यकीय मंडळापासून पालकत्वापर्यंत सगळे नव्याने करावे लागते.

१६. पेन्शनचा भाग विकावा का? पुढे सरकारने पूर्ववत केलीच नाही तर?

विकणे म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेणे. केंद्रात ४० टक्क्यांपर्यंत विकता येते आणि १५ वर्षांनी ती पूर्ववत होते. मूळ पेन्शन ४०,००० धरा: १६,००० विकले, ६० व्या वर्षी निवृत्तीचा गुणक ८.१९४, म्हणजे १६,००० × १२ × ८.१९४ = १५,७३,२४८ रुपये हातात. परत कापले जातात १८० महिन्यांत २८,८०,०००. मुद्दल साधारण ८ वर्षे २ महिन्यांत फिटते, पुढचे व्याज समजा. महागाई राहत पूर्ण ४०,००० वरच मिळत राहते, आणि पेन्शनर आधी गेला तर उरलेले कुटुंबाकडून वसूल होत नाही. घरावर महाग कर्ज असेल तर विकणे परवडते. मुलाच्या धंद्याला द्यायचे असतील तर आम्ही नको म्हणू.

पूर्ववत करण्यात बँका चुकतात ते तारखेत. पंधरा वर्षे मोजायची ती कपात सुरू झाल्याच्या तारखेपासून. ती तारीख आजच पीपीओच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवा आणि महिनाभर आधी बँकेला अर्ज द्या.

१७. दहा वर्षांपूर्वी जास्त दिलेलं वेतन आता पेन्शनमधून कापतायत. चालतं का?

डिसेंबर २०१४ च्या रफीक मसीह निकालाप्रमाणे तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसेच वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम दिली गेली असेल तर वसुली करता येत नाही. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी ‘जास्त मिळाल्यास परत करीन’ असे वचनपत्र दिले असेल, तर २०१६ च्या जगदेव सिंग निकालाचा आधार विभाग घेतो. आधी स्वतःच्या नस्तीची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा आणि वचनपत्र आहे का, त्यावर तारीख कोणती, ते बघा. दाद मागायची तर राज्याच्या पेन्शनरसाठी उच्च न्यायालयाचे इंदूर खंडपीठ. त्याआधी सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार घातलेली बरी, कार्यालयाला उत्तर लेखी द्यावे लागते.

सावकार किंवा बँकेच्या कर्जापोटी न्यायालयाची जप्ती पेन्शनवर येत नाही. १८७१ चा पेन्शन कायदा आणि दिवाणी संहितेचे कलम ६० तिला संरक्षण देतात. तुम्ही स्वतः संमती दिलेला पेन्शन कर्जाचा हप्ता मात्र कापला जाईल.

१८. निवृत्तीच्या वेळी चौकशी चालू होती. पेन्शन रोखली तर?

तात्पुरती पेन्शन मिळायलाच हवी. ग्रॅच्युइटी चौकशी संपेपर्यंत अडकते. मध्यप्रदेशच्या १९७६ च्या पेन्शन नियमांतल्या नियम ९ खाली पेन्शन कमी करण्याचा अधिकार राज्यपालांच्या नावे आहे. निवृत्तीनंतर नवी विभागीय चौकशी काढायची असेल तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी नसावी. नोटीस आली की पहिल्यांदा घटना आणि चौकशी या दोन तारखांतले अंतर मोजा.

१९. खासगी किंवा महामंडळातल्या ईपीएस पेन्शनचं काय?

ईपीएस म्हणजे भविष्य निर्वाह निधीला जोडलेली कर्मचारी पेन्शन योजना. इथे रक्कम सूत्राने बांधलेली असते: पेन्शनयोग्य वेतन × सेवा ÷ ७०. वेतनमर्यादा १५,०००, वीस वर्षांवर दोन वर्षांची भर. ३३ वर्षे काम केलेल्याला १५,००० × ३५ ÷ ७० = ७,५०० रुपये. यात महागाई राहत मिळत नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० आहे.

कंपनी बुडाली तरी ही पेन्शन चालू राहते, कारण पैसे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे असतात. बुडते ते कंपनीकडे अडकलेले देणे. इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडल्यावर कामगारांना आपल्या थकबाकीसाठी तीन दशके न्यायालयात घालवावी लागली. सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला, आणि तोवर कित्येकांच्या वारसांनाच रांगेत उभे राहावे लागले. म्हणून खासगीतल्यांनी निधीची जमा दर महिन्याला पासबुकात तपासावी, कंपनी धडधाकट असतानाच.

२०. पेन्शन ज्या बँकेत येते ती बँक बुडाली तर?

पुढची पेन्शन दुसऱ्या बँकेत वळवून घेता येते. साठलेल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंतच विमा आहे, मूळ आणि व्याज मिळून. निवृत्तीची सगळी रक्कम अर्धा टक्का जास्त व्याजासाठी एकाच सहकारी बँकेत ठेवू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ८.२ टक्के दराने पूर्ण रकमेवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात आणि हमी सरकारची.

२१. आई-वडील दोघेही सरकारी नोकरीत होते. आता वडील गेले. आईला स्वतःची पेन्शन सोडावी लागेल का?

नाही. स्वतःची पेन्शन आणि पतीची कुटुंब पेन्शन दोन्ही मिळतात. दोन वेगळे पीपीओ, म्हणून हयातीचे दाखलेही दोन. एकाच दाखल्यावर दोन्ही चालतील असे समजून दर वर्षी कोणाची ना कोणाची एक पेन्शन डिसेंबरात अडते. दोघेही गेल्यावर पात्र अपत्याला केंद्राच्या नियमाने दोन्ही कुटुंब पेन्शनी मिळू शकतात, मात्र एकूण मर्यादा महिना १,२५,००० रुपये. एक पेन्शन केंद्राची आणि दुसरी राज्याची असेल तर अर्ज दोन कार्यालयांत स्वतंत्र करावे लागतात, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या मूळ प्रती तेव्हा कमी पडतात. नगर निगमातून सुरुवातीलाच आठ-दहा काढून ठेवा.